खोकला एक, कारणं अनेक! राजूरच्या चुन्यातून शिकूया सायन्सची भाषा

दहावीपर्यंत ‘जीवाणू’, ‘विषाणू’, ‘निरीक्षण’, ‘अनुमान’ हे शब्द आपल्याला तोंडपाठ असतात. अकरावी सायन्सला गेलं की तीच मंडळी बॅक्टेरिया, व्हायरस, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स अशी नावं बदलून समोर येतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींची पहिली काही महिने नुसती तारांबळ! आणि आर्ट्‌स-कॉमर्सवाले म्हणतात, ‘जाऊ द्या ना, आपल्याला काय करायचंय?’

पण घरात कुणी आजारी पडलं की लॅबचा रिपोर्ट वाचायला कुणाच्या हातात देतात? तुमच्याच. डॉक्टर काय म्हणाले ते आजीला समजावून कोण सांगतं? तुम्हीच. तेव्हा कोणी विचारत नाही, तू सायन्सचा की आर्ट्‌सचा! म्हणून हे शब्द परीक्षेपुरते नाहीत. ते कळले तर योग्य प्रश्न विचारता येतो, आणि नाही कळले तर चुकीच्या औषधावर पैसा आणि वेळ जातो.

हे शब्द शिकायला लॅबच पाहिजे असंही नाही. वणी तालुक्यातलं आपलं राजूर घ्या. एका बाजूला कोळसा खाण, दुसऱ्या बाजूला चुनाभट्ट्या. म्हणजे सायन्सच्या पुस्तकातला अर्धा धडा इथे रस्त्यावरच पसरलेला आहे. चला तर मग, चुन्यापासूनच सुरुवात करू.

निवळीचा प्रयोग: आधी अंदाज, मग पुरावा

भट्टीत चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो चरचरतो, गरम होतो आणि त्याचा विरलेला चुना बनतो. तो भरपूर पाण्यात ढवळून ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहतं, ती चुन्याची निवळी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड गेला की पुन्हा चुनखडीचे बारीक कण तयार होतात आणि निवळी दुधाळ होते. थोडक्यात, भट्टीत जे होतं त्याचा उलटा प्रवास परीक्षानळीत दिसतो.

शाळेत आपण नळीने निवळीत फुंकलं, ती पांढरी झाली, सरांनी शाबासकी दिली आणि तास संपला. पण तो पूर्ण प्रयोग होता का? नव्हता. पूर्ण प्रयोग असा करायचा.

आधी एक वाक्य लिहा: ‘आपण सोडलेल्या हवेत खोलीतल्या हवेपेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त असतो.’ हे झालं गृहीतक, कॉलेजच्या भाषेत हायपोथिसिस. गृहीतकाची अट एकच, ते चूक ठरण्याची सोय हवी. ‘हवा चांगली असते’ हे गृहीतक नाही, कारण ते तपासणार कसं?

आता दोन परीक्षानळ्यांमध्ये सारखीच निवळी घ्या. एकीत फुंका, दुसरीत सिरिंजने खोलीतली हवा तेवढीच सोडा. कोणती हवा सोडायची हे आपण ठरवतो, म्हणून तो स्वाश्रयी चल. निवळी दुधाळ व्हायला किती वेळ लागला हे आपण मोजतो, तो आश्रयी चल. निवळीचं माप, नळीचा आकार, हवेचं प्रमाण या गोष्टी दोन्हीकडे सारख्या ठेवायच्या. आणि ती सिरिंजवाली नळी म्हणजे नियंत्रण, अर्थात कंट्रोल. ती नसेल तर कोणीही म्हणेल, ‘अरे, निवळी अशीही पांढरी झाली असती!’ त्याला उत्तर द्यायला दुसरी नळी लागते.

‘फुंकलेली नळी आधी दुधाळ झाली’ हे निरीक्षण. ‘म्हणजे तिच्यात कार्बन डायऑक्साइड जास्त गेला’ हे अनुमान. दोन-तीनदा करून तेच दिसलं की निष्कर्ष. खोलीतल्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो आणि आपण सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. म्हणूनच फरक डोळ्यांना दिसतो. (करून बघणार असाल तर शिक्षकांसमोरच करा. निवळी तोंडात ओढू नका, डोळ्यात जाऊ देऊ नका. चुना जाळतो.)

विहिरीतलं टीसीएल आणि न दिसणारे पाहुणे

हाच विरलेला चुना घेऊन त्यात क्लोरीन वायू मुरवला की बनते ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत तिला सगळे ‘टीसीएल’ म्हणतात. पूर्ण नाव ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. यातला ‘लाइम’ म्हणजे आपला चुनाच! पावसाळा लागला की विहिरीत, टाकीत टीसीएल पडतं ते कुणासाठी? सूक्ष्मजीवांसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या जिवांसाठी.

यात बरीच बिरादरी येते. जीवाणू एकपेशीय, स्वतंत्र जगू शकणारे. कॉलरा आणि टायफॉइड त्यांचे. विषाणू त्यांच्याहून खूप लहान, दुसऱ्या जिवंत पेशीत शिरल्याशिवाय त्यांची संख्या वाढत नाही. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकदा त्यांची. आदिजीव म्हणजे अमीबासारखे, आमांश त्यांच्यापैकी एकाचा. आणि कवक म्हणजे बुरशी, गजकर्ण तिचा. यातले सगळेच वाईट नाहीत हं. दुधाचं दही जीवाणूच करतात. जे रोग करतात त्यांनाच रोगकारक म्हणायचं. बोलताना आपण सगळ्यांना ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

टीसीएल टाकलं म्हणजे पाणी शुद्ध झालं का? हे पुन्हा अनुमान आहे. टीसीएलमधला क्लोरीन उन्हाने आणि ओलीने उडून जातो. उघड्या पोत्यात महिनोन् महिने पडलेली पावडर पाहिजे तेवढं काम करत नाही. म्हणून पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून ‘ओटी टेस्ट’ करतात. थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा.

दुसरी चाचणी जीवाणूंची. पाण्यात कॉलराचा, टायफॉइडचा असे वेगवेगळे जीवाणू शोधत बसणं अवघड असतं. म्हणून माणसा-जनावरांच्या आतड्यात राहणारा ई-कोलाय शोधतात. तो सापडला तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे, म्हणजे बाकीचेही आलेले असू शकतात. अशा जीवाला सूचक म्हणतात. मानक सांगतं, १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात तो एकही नको.

आता एक गंमत, खरं तर गंमत नव्हेच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर डाग पडतात, हाडं आणि सांधे आखडतात. ह्याला फ्लोरोसिस म्हणतात. हे पाणी कितीही उकळा, कितीही टीसीएल टाका, फ्लोराइड तसंच राहतं. कारण ते जंतू नाही, खनिज आहे. मेलं तर जाईल ना! उलट उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण थोडं वाढतंच. अतिसार आणि फ्लोरोसिस, दोन्ही पाण्यातूनच येतात. पण पहिला संसर्गजन्य, दुसरा असंसर्गजन्य. उपाय ठरवण्याआधी हा फरक कळला पाहिजे.

व्हिएन्नात चुन्यानेच वाचवल्या बाळंतिणी

हात धुवायला चुन्याची पावडर वापरून एका डॉक्टरने शेकडो जीव वाचवले, तेही रोगाला जंतू कारण असतात हे सिद्ध व्हायच्या आधी. डॉक्टरचं नाव इग्नाझ सेमेलवाईस, साल १८४७, गाव व्हिएन्ना.

तिथल्या हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरायच्या. इमारत तीच, शहर तेच, मग फरक कशाचा? बघा, दोन परीक्षानळ्या आपोआपच तयार होत्या! दुसरा विभाग म्हणजे नियंत्रण.

त्याच वर्षी सेमेलवाईसचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागून दगावला, आणि त्याच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतज्वरासारख्याच होत्या. पहिल्या विभागातले विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला जायचे. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. सेमेलवाईसचं गृहीतक तयार झालं: प्रेतावरचं काहीतरी हातांवरून येतंय. मे महिन्यापासून त्याने ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आलं.

तरी अनेक बड्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. ‘आमचे हात घाण?’ हा राग होताच, शिवाय ‘ते काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे सेमेलवाईसला दाखवता येत नव्हतं. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या कामातून रोगजंतू सिद्धांत नंतर उभा राहिला. १८६५मध्ये सेमेलवाईस गेला तेव्हा त्याला त्याचं श्रेय मिळालेलं नव्हतं. हाताला लावायचं ते जंतुनाशक, आणि हत्यारांवरचे सगळे सूक्ष्मजीव दाबाखालच्या वाफेवर मारायचे ते निर्जंतुकीकरण, हे शब्द आज कॉमन आहेत. त्यांच्यामागे ही एवढी किंमत आहे.

भायखळ्याच्या तुरुंगातले दोन गट

व्हिएन्नातली विभागणी आपोआप झालेली होती. ठरवून दोन गट केलेला एक प्रसिद्ध प्रयोग आपल्या मुंबईतच झाला. १८९६मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. एका भागात एकदम रुग्ण वाढले की ती साथ, देशोदेशी पसरली की महासाथ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत प्लेगचे जीवाणू वाढवले. प्रयोगशाळेत असं वाढवण्याला संवर्धन म्हणतात, रिपोर्टमध्ये ‘कल्चर’ लिहिलेलं असतं ते हेच. ते जीवाणू उष्णतेने मारून त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. पुढे लस न घेतलेल्यांमध्ये १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांमध्ये दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. दोन्ही गटांचं जेवण, कोठडी, हवा एकच. म्हणून या आकड्यांना वजन आलं.

लस करते काय? मेलेला किंवा कमजोर केलेला रोगकारक शरीराला आधीच दाखवते. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे अँटीबॉडी. खरा रोगकारक आला की ओळख पटलेली असते. म्हणून लस आजाराच्या आधी घ्यायची आणि औषध आजार झाल्यावर.

आजच्या नजरेने या प्रयोगावर प्रश्नही विचारता येतात. आपणहून पुढे आलेले कैदी मुळातच जास्त धडधाकट असतील तर? म्हणून आता कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, त्याला यादृच्छिक निवड म्हणतात. आणि तुरुंगातला माणूस खरंच मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो का? तो प्रश्न संमतीचा. औषधाची चाचणी म्हटलं की हे दोन शब्द आधी आठवा. परळची हाफकिन संस्था याच शास्त्रज्ञाच्या नावाने आहे.

नागपूरकडचा विषाणू

प्लेग जीवाणूचा. विषाणूचं उदाहरण तर आपल्या विदर्भातलंच आहे आणि त्याचं नावही इथलंच! १९६५मध्ये नागपूरकडच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या प्रयोगशाळेला नवा विषाणू सापडला. तीच प्रयोगशाळा आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे कोविडच्या काळात रोज बातम्यांमध्ये यायची ती एनआयव्ही. विषाणूला नाव मिळालं चांदीपुरा. आकार बंदुकीच्या गोळीसारखा.

तो माणसापर्यंत पोचतो वाळूमाशीच्या चाव्यातून. वाळूमाशी रोग करत नाही, पोचवते, म्हणून ती वाहक. २००३मध्ये आंध्र प्रदेशात या विषाणूच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले याची टक्केवारी काढा, साधारण ५६ येते. याला रुग्ण मृत्युदर म्हणतात. एकूण लोकसंख्येच्या मृत्युदराशी त्याची गल्लत करायची नाही.

इथे सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द. ताप, झटके, उलट्या ही लक्षणं. चांदीपुरा, मलेरिया की आणखी काही, हे ठरवणं म्हणजे निदान. ‘मले ताप आहे’ हे आजाराचं नाव नाही! ताप डझनभर आजारांत येतो. निदान तपासणीनेच होतं.

आणि प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, जीवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. साध्या सर्दीला मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक विषाणूचं काही वाकडं करत नाही. शरीरातल्या इतर जीवाणूंना मात्र त्याची सवय होते, मग गरज पडते तेव्हा ते औषध लागू पडत नाही. ही प्रतिजैविक प्रतिरोधकता. गोळ्यांना सरावतो तो जीवाणू, आपलं शरीर नाही, हेही लक्षात ठेवा.

आता राजूरचा खोकला

एवढे शब्द गोळा केले ते या प्रश्नासाठी. घरात कुणाला तरी कित्येक आठवड्यांपासून खोकला आहे. वर्षानुवर्षं भट्टीवर नाही तर खाणीत काम. घरचे म्हणतात, ‘धुळीचा आहे, कामच तसं आहे.’ शेजारी म्हणतात, ‘टीबी असंल.’ खरं कोण?

दोघांचीही वाक्यं फक्त गृहीतकं आहेत.

चुन्याची धूळ डोळे, नाक, घसा जाळते, श्वासनलिकेला त्रास देते. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचली तर न्यूमोकोनिओसिस नावाचा आजार होतो. दगडातली सिलिका असेल तर सिलिकोसिस. हे असंसर्गजन्य आहेत. घरातल्या कुणाला त्यांची लागण होत नाही आणि अँटिबायोटिकने ते बरे होत नाहीत. धूळ थांबवणं हाच मोठा उपाय.

क्षयरोग, म्हणजे टीबी, जीवाणूचा. तो जीवाणू शोधल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं, म्हणून त्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन असतो. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. जीवाणू शरीरात शिरला म्हणजे संसर्ग, पण प्रत्येक संसर्गाचा आजार होत नाही. बऱ्याच जणांत तो वर्षानुवर्षं झोपलेला राहतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढतो. औषधांनी बरा होतो. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला तर प्रतिरोधकता पुन्हा हजर.

आणि अवघड भाग असा, की दोन्ही एकाच माणसात असू शकतात. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबीचा धोका जास्त असतो. म्हणजे ‘धुळीचा आहे’ म्हणून गप्प बसलं तर टीबी घरभर पसरू शकतो, आणि टीबी नसताना टीबीच्या गोळ्या चालू केल्या तर धुळीचा आजार तसाच वाढत राहतो. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्हीकडे डाग दिसू शकतात. म्हणून थुंकीची तपासणी लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ती करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

यात तुमचं काम काय? डॉक्टरांसमोर आजोबा म्हणणार, ‘खोकला आहे जी, दुसरं काही नाही.’ तेव्हा तुम्ही सांगायचं: किती आठवडे, ताप येतो का, वजन घटलं का, आणि कुठे किती वर्षं काम केलं. ह्या शेवटच्या माहितीला कामाचा इतिहास म्हणतात. तो सांगितलाच नाही तर धुळीचा आजार डॉक्टरांच्या डोक्यात येणार कसा? मग विचारा: हे निदान आहे की अजून शक्यता? कोणत्या तपासणीने पक्कं होईल? गोळ्या कशावर चालतात? किती दिवस घ्यायच्या? चार प्रश्न आहेत, कुठलंही इंग्रजी लागत नाही.

वहीच्या मागच्या पानावर लिहा

परीक्षेतही आणि दवाखान्यातही हमखास गोंधळ होतो अशा जोड्या:

निरीक्षण: जे दिसलं, मोजलं. अनुमान: त्यावरून काढलेला अर्थ.
जीवाणू: अँटिबायोटिक चालतं. विषाणू: नाही चालत.
लक्षण: रुग्णाला होणारा त्रास. निदान: त्रासाचं तपासून ठरवलेलं कारण.
संसर्ग: रोगकारक शरीरात शिरला. आजार: त्याने त्रास सुरू केला.
लस: आधी. औषध: नंतर.
रोगकारक: रोग करणारा. वाहक: पोचवणारा.
संसर्गजन्य: एकातून दुसऱ्यात जाणारा. असंसर्गजन्य: न जाणारा, जसे फ्लोरोसिस, सिलिकोसिस.

प्रत्येक शब्दापुढे कॉलेजच्या पुस्तकातला शब्दही लिहून ठेवा, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे अडणार नाही. आणि पुढच्या वेळी ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल टाकताना दिसला, तर एवढंच विचारा, ‘भाऊ, ओटी टेस्ट केली का?’